पोटातला गोळा कोणाचा?

२०१६ साली जपानमधून एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. तोकुशिमा विद्यापीठातले संशोधक आणि याकुल्ट कंपनीच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून तो केला होता. त्यांनी वैद्यकीय शाखेचे ४७ निरोगी विद्यार्थी निवडले. पुढच्या वर्षात जाण्यासाठी या सगळ्यांना देशपातळीवरची एक परीक्षा द्यायची होती. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत, सलग आठ आठवडे, २३ जणांना रोज 'लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा' या जिवाणूने आंबवलेलं दूध दिलं गेलं. उरलेल्या २४ जणांना तसंच वाटणारं, पण हा जिवाणू नसलेलं दूध मिळालं. आपल्या वाट्याला कोणतं दूध आलंय हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं आणि मोजमाप करणाऱ्यांनाही.

परीक्षा जवळ आली तसा दोन गटांत फरक दिसू लागला. साध्या दुधाच्या गटात लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीर सोडतं ते संप्रेरक, लक्षणीय वाढलं. जिवाणूवाल्या गटात तशी वाढ दिसली नाही. त्यांच्या पोटाच्या तक्रारी कमी होत्या. 'किती ताण वाटतोय?' या प्रश्नाला त्यांनी दिलेले आकडेही तितके चढले नाहीत. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधताही जास्त टिकून राहिली.

एक गोष्ट मात्र दोन्ही गटांना सारखी होती, ती म्हणजे परीक्षा. तारीख तीच, पेपर तोच, नापास झालं तर होणारा परिणामही तोच. आठ आठवड्यांत बदलली ती फक्त पोटं.

हा प्रयोग वाचल्यापासून मला एक प्रश्न सुटत नाहीये. परीक्षेची भीती वाटते म्हणून पोट बदलायचं, हे बरोबर आहे का? जिवाणू काम करतात की नाही, हे प्रयोगशाळा सांगेल. त्यांच्याकडून कोणतं काम करून घ्यावं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल.

पोटाची भाषा

भीती पोटात असते हे मराठी बोलणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या पोटात गोळा येतो, खड्डा पडतो, कालवाकालव होते. आपण पोटतिडकीने बोलतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, आणि शेजाऱ्याला बढती मिळाली की आपल्या पोटात दुखतं. एवढ्यावरून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा फॉरवर्ड तयार करायची गरज नाही. पूर्वजांना पोट होतं आणि परीक्षा होत्या, एवढंच यातून सिद्ध होतं.

शरीरात घडतं ते असं. ताण आला की मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींपर्यंत पोचतो आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. त्याच वेळी जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून परीक्षेच्या सकाळी घास खाली उतरत नाही आणि तरी बाथरूमकडे पाय वळतात. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेतले बहुतांश तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. मेंदू हुकूम सोडतो त्यापेक्षा जास्त तो ऐकत असतो.

या बातमीत जिवाणूंचा हात आहे, असं वाटायला लावणारा एक महत्त्वाचा प्रयोग २००४ साली जपानमध्येच, क्युशू विद्यापीठात झाला. जन्मापासून अंगात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांना अडकवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या शरीराने ताणाला नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त जोरदार प्रतिसाद दिला. त्यांना एका जातीचे बिफिडोबॅक्टेरियम दिल्यावर हा प्रतिसाद खाली आला. पुढे २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार दिलेले उंदीर कमी घाबरतात, आणि व्हेगस नस कापली तर हा परिणाम नाहीसा होतो.

तेव्हा मथळे जोरात होते. मग याच जिवाणूची माणसांवर चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २९ निरोगी पुरुष होते, आणि ताणाच्या बाबतीत जिवाणूचा परिणाम बनावट गोळीपेक्षा सरस ठरला नाही. संशोधकांनी ते लपवलं नाही, शीर्षकातच सांगून टाकलं. मला या क्षेत्राबद्दल विश्वास वाटतो तो अशा पेपरमुळे. जपानचा प्रयोगही याच नजरेने बघायला हवा. तो नीट आखलेला होता, पण लहान होता, एका विशिष्ट जिवाणूपुरता होता, आणि ते दूध विकणाऱ्या कंपनीचा त्यात सहभाग होता. एवढ्याने तो खोटा ठरत नाही. फक्त तो आहे तेवढाच मोठा समजायचा.

आपल्याकडचं दहीही याच हिशोबात बसवायला हवं. परीक्षेला निघताना आई हातावर चमचाभर दही-साखर ठेवते, त्याला आता 'प्रोबायोटिक' म्हणायची फॅशन आली आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये केलेली व्याख्या बरीच कडक आहे. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांचा आरोग्याला फायदा होतो हे दिसायला हवं. भारतात मिळणाऱ्या याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असल्याचं कंपनी सांगते, आणि जपानी विद्यार्थ्यांनी आंबवलेलं दूध घेतलं तेही आठ आठवडे. उंबऱ्यावरच्या एका चमच्याकडून ते काम व्हायचं नाही. त्या चमच्यात दुसरंच काहीतरी असतं. 'आम्ही आहोत' असं तो हात म्हणतो. कधीकधी त्याच वेळी 'आम्ही बघतोय' असंही म्हणतो.

पेपरची भीती, पोटाची नव्हे

हा विषय माझ्यापुरता कागदावरचा राहिला नाही, कारण माझी मामेबहीण लातूरला राहून नीटची तयारी करते. तिचा हा दुसरा प्रयत्न. काही महिन्यांपूर्वी मामीचा फोन आला.

"अरे, तू वाचत असतोस ना असलं काही. हिचं पोट काही ठिकाणावर नाही बघ. दर रविवारी टेस्ट, आणि शनिवारी रात्रीपासून हिचं संडासला पळणं सुरू. मेसचं जेवण बाधतंय म्हणावं, तर सोमवारी तेच जेवण पचतंय. ते बाटलीतलं दूध मिळतं, ते चालू करू का?"

मी काही बोलायच्या आत बहिणीने फोन घेतला. "दादा, पोट थांबलं तर बरंच होईल. पण मला पेपरची भीती वाटते रे, पोटाची नाही."

तिच्या या वाक्यावर मी बराच विचार केला. मराठीत 'कारण' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. रस्ता ओला आहे, कारण पाऊस पडला. इथे कारण म्हणजे एका घटनेला जन्म देणारी दुसरी घटना. मी नोकरी सोडली, कारण पगार वेळेवर मिळत नव्हता. इथे कारण म्हणजे माझ्याकडे असलेलं समर्थन. पहिल्या कारणाशी वाद घालता येत नाही, पाऊस बरोबर किंवा चूक नसतो. दुसऱ्याशी घालता येतो, 'एवढ्यासाठी नोकरी सोडतात का?' असं कोणीही विचारू शकतं.

भीतीला दोन्ही अर्थांनी कारणं असतात. मामेबहिणीच्या शनिवार रात्रीच्या भीतीला शरीरात कारण आहे: कॉर्टिसॉल, व्हेगस नस, कदाचित आतड्यातल्या जिवाणूंची बिघडलेली घडी. त्याच भीतीला जगातही कारण आहे. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली होती, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. सरकारी कॉलेजातल्या जागा, म्हणजे मामाला परवडतील अशा, त्याहून कितीतरी कमी. पेपर वर्षातून एकदाच. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. घाबरावं की नाही, याचं उत्तर हे आकडे वाचून कुठलाही शहाणा माणूस देऊ शकेल.

बाटली पहिल्या कारणावर काम करते. दुसऱ्या कारणाला ती उत्तर देत नाही, देऊही शकत नाही. गोंधळ होतो तो पहिलं कारण सापडल्यावर दुसरं रद्द झालं असं आपण मानतो तेव्हा. 'अगं, तुला वाटतंय ती भीती नाहीच, तुझे गट बॅक्टेरिया बिघडलेत,' हे वाक्य ऐकायला सौम्य आहे, दोषही देत नाही. पण ते समोरच्या माणसाला 'तुझं म्हणणं ऐकायची गरज नाही' असंच सांगतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि आपण तिला दूध दिलं.

कोणी विचारेल, की जिवाणू बदलले आणि भीती कमी झाली, तर ती भीती मुळात माझी होती का? २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबानुसार आपल्या शरीरात स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू असतात, आणि त्या सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही. एवढ्या पाहुण्यांच्या गर्दीत माझं काय आणि त्यांचं काय? मला हा प्रश्न वाटतो तितका अवघड वाटत नाही. झोप झाली नाही की माझी चिडचिड वाढते, चहा मिळाला की कमी होते. म्हणून ती चिडचिड चहाची होत नाही. भावना कुठून आली यावरून ती खरी की खोटी ठरत नाही. ती कशाबद्दल आहे, आणि ती गोष्ट खरंच तशी आहे का, यावरून ठरते.

रँक आणि आराम

मग बाटली घेऊच नये का? इथे दोन फायदे वेगळे करायला हवेत, कारण जाहिरात ते नेहमी एकत्र विकते.

समजा, उद्या सिद्ध झालं की अमुक जिवाणू घेतल्याने मुलं पेपरमध्ये कमी गोंधळतात आणि त्यांचे दहा गुण वाढतात. पहिल्या वर्षी ज्यांना परवडेल ते घेतील आणि पुढे जातील. दुसऱ्या वर्षी सगळेच घेतील. सगळ्यांचे दहा गुण वाढले की कटऑफही दहाने वाढेल. जागा तेवढ्याच राहतील, बाहेर राहणारी मुलंही तेवढीच. फरक इतकाच, की आता घरखर्चात एक बाटली वाढेल, आणि ती न घेणारा मागे पडेल. सिनेमागृहात पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले की मागच्यांनाही उभं राहावं लागतं. शेवटी सगळ्यांना आधी दिसत होतं तेवढंच दिसतं, फक्त पाय दुखायला लागतात. रँकसाठी घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं हेच होतं. क्लासचं झालं, टेस्ट सिरीजचं झालं.

आरामाचं तसं नाही. माझ्या बहिणीचं शनिवारी रात्रीचं पोट थांबलं, तर त्यासाठी दुसऱ्या कोणाचं बिघडावं लागत नाही. २४ लाख मुलांची पोटं शांत झाली, तर जगातलं दुःख खरोखरच तेवढ्याने कमी झालं. जागा न वाढताही कमी झालं. जपानच्या प्रयोगातला मुख्य निष्कर्ष पोटाच्या तक्रारींचा आणि ताणाचा आहे, गुणवाढीचा नाही, आणि मला तोच त्यातला चांगला भाग वाटतो. दुखणं कमी करायला दुसरं काही सिद्ध करावं लागू नये.

'परीक्षेच्या ताणाने माणूस घडतो, तो काढू नका,' असंही काही जण म्हणतात. थोडा ताण अभ्यासाला बसवतो, हे खरं आहे. पण आठवड्यातून एकदा संडासात काढलेल्या रात्रीने चारित्र्य घडतं, असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः तशा पन्नास रात्री काढाव्यात.

तिकीट उघडं ठेवणं

माझ्या कामात याच्याशी मिळतीजुळती एक परिस्थिती वारंवार येते. रात्री दोनला फोन वाजतो, कारण सर्व्हरची मेमरी भरत आली आहे. अशा वेळी तीन गोष्टी करता येतात. एक, अलार्मची मर्यादा वाढवून ठेवायची, म्हणजे फोन वाजणारच नाही. दोन, सर्व्हर रीस्टार्ट करायचा. तीन, कोडमध्ये मेमरी कुठे गळते आहे ते शोधायचं.

रात्री दोनला शहाणा इंजिनियर दुसरी गोष्ट करतो. लोकांचे व्यवहार अडकलेले असताना तत्त्वज्ञान सांगत बसणं हा बेजबाबदारपणा आहे. पण रीस्टार्ट झाल्यावर तो तिकीट बंद करत नाही. सकाळी तिसऱ्या गोष्टीसाठी ते उघडंच ठेवतो. सर्व्हर पुन्हा नीट चालतोय, म्हणजे कोड नीट आहे, असं कोणी म्हटलं तर टीममध्ये हसं होईल.

मुलांना 'एवढं काय घाबरायचं' म्हणणं ही पहिली गोष्ट. बाटली, श्वासाचे व्यायाम, समुपदेशन ही दुसरी. तिसरी गोष्ट परीक्षा आणि तिच्याभोवतीची व्यवस्था. दुसरी करणारा वाईट नसतो. ती केल्यावर तिकीट बंद करणारा मला घातक वाटतो.

कोट्यात ऑगस्ट २०२३ मध्ये, विद्यार्थ्यांच्या लागोपाठच्या आत्महत्यांनंतर, जिल्हा प्रशासनाने दोन आदेश काढले. एक होता होस्टेलच्या पंख्यांना सुरक्षेसाठी स्प्रिंग बसवण्याचा. त्यावर देशभर टिंगल झाली. मी तीत सामील होणार नाही, कारण एका रात्रीचा अवधी मिळाला तरी माणूस वाचू शकतो. दुसरा आदेश होता कोचिंग क्लासेसनी दोन महिने टेस्ट घेऊ नयेत असा. त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. पहिला आदेश खोली बदलत होता, दुसरा परीक्षेला हात घालत होता. दोन्ही एकाच टेबलावरून निघाले होते, म्हणजे दोन्ही एकदम करता येतात.

म्हणूनच बाटली कोण देतंय, यालाही महत्त्व आहे. मुलीने स्वतः मागितली तर तो उपचार आहे. आईने दिली तर ती काळजी आहे, लपवून दिली नाही एवढं मात्र हवं. पण दर रविवारी टेस्ट घेणाऱ्या क्लासनेच उद्या टेस्टसोबत बाटली वाटायला सुरुवात केली, तर मला ती उपकाराची वाटणार नाही. शांत पोटाने बसलेले विद्यार्थी दाखवून तोच क्लास आठवड्याला दोन टेस्ट घेऊ शकेल. बाटलीऐवजी चिंतेवरची गोळी वाटली असती, तर पालक भांडायला गेले असते. दूध आहे, नैसर्गिक आहे, म्हणून कोणी विचारणार नाही. खरं तर दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: हे कोणाच्या सोयीसाठी?

मामीला मी सांगितलं, की आधी डॉक्टरांना दाखवा, कारण दर आठवड्याला पोट बिघडणं हे फक्त टेन्शन असेलच असं नाही. डॉक्टर हो म्हणाले तर बाटली जरूर चालू करा. उपयोग होईलच असं नाही, पण करून बघायला हरकत नाही. आणि मग विचारलं, की यंदा नाही जमलं तर काय करायचं, हे तुम्ही तिघांनी कधी बोललात का?

मामी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असं अभद्र बोलायचं नसतं म्हणून नाही बोललो. तुझ्या मामाशी बोलते."

घरच्या हातात असलेलं दुसरं कारण हे एवढंच होतं. नीट बदलणं मामीच्या हातात नाही, पण नीटच्या पलीकडे काय आहे याचा अंधार कमी करणं आहे. ती बोलली, तिघं बोलले. बीएस्सी, फार्मसी, आणखी एक प्रयत्न, अशी तीन नावं कागदावर आली. भीती गेली नाही, पण आता तिला कुठेतरी कड आहे, असं बहीण म्हणाली. शनिवारी पोट अजून थोडं बिघडतं.

आणि जे घरच्या हातात नाही, ते कोणाच्या तरी हातात आहे. जेईई मेन २०१९पासून वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि दोन्हींतला चांगला निकाल धरला जातो. त्याने जागा वाढल्या नाहीत, स्पर्धा संपली नाही. पण एका वाईट सकाळीवर सगळं वर्ष टांगून ठेवायचं नाही, एवढं तरी ठरवता आलं. परीक्षेचा आकार कोणीतरी ठरवलेला असतो, आणि पुन्हा ठरवता येतो.

तुमच्यापैकी कोणाचं पोट सध्या परीक्षेने धरलेलं असेल, तर त्याची लाज वाटून घेऊ नका, इलाज करा. त्रास पोटाच्या पलीकडे गेला असेल, झोप उडाली असेल, नको नको ते मनात येत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. पोट शांत झालं की मग, शांतपणेच, तो जुना प्रश्न पुन्हा विचारा: ही परीक्षा अशीच असायला हवी का? घाबरलेल्या माणसाला तो विचारायला जमत नाही. बाटलीचा सगळ्यात चांगला उपयोग मला तोच वाटतो.